बर्चवरची तांबडी फीत

प्रिय आयविंद,

तुझा फोन आला की मी ‘सगळं ठीक आहे’ म्हणते आणि मग दिवसभर तुझ्याशी मनातल्या मनात बोलत बसते. म्हणून आज लिहायलाच घेतलं. लिंगनबेरीचा मुरंबा झालाय, पण तुझे बाबा गेल्यापासून बरणी संपता संपत नाही. रास्का म्हातारी झाली, तरी संध्याकाळी दाराशी जाऊन त्यांची वाट बघते. कुत्रीला कसं समजावायचं, सांग.

काल शिकारीच्या टोळीचा म्होरक्या हाल्वार्द मला बाबांच्या दबा धरून बसायच्या जागेवर घेऊन गेला. त्यांचं बाकडं, थर्मास, सगळं आणायचं होतं. गोळी कुठवर झाडायची ते दाखवणाऱ्या त्या फिती तुला आठवतच असतील. जवळच्या खुंटाला निळी, छोट्या काडतुसासाठी. दूरच्या बर्चच्या झाडाला तांबडी, सांबराहून धिप्पाड मूस मारायच्या मोठ्या काडतुसासाठी. गोळी त्याच्याही पुढे जाते, पण तिथे ती जनावर मारत नाही, नुसतं दुखावते, असं ते तुला शंभरदा सांगायचे. तरी तू बर्चच्या पलीकडे गोळी झाडलीस. जखमी मूस शोधत ते रास्काला घेऊन रात्रभर जंगलात फिरले आणि परत आल्यावर तुला म्हणाले, “माझ्या जागेवर पुन्हा पाय ठेवू नकोस.” तू बर्गेनला निघून गेलास. दोघेही हट्टी, आणि मधल्या मध्ये मी.

काल तिथे तिसरी फीत दिसली. माझ्या विणकामातली पिवळी लोकर, निळ्या फितीच्याही अलीकडे बांधलेली. मी विचारलं, तेव्हा हाल्वार्द बुटाने शेवाळ उकरत म्हणाला,

“ती त्याची स्वतःची, गुद्रुन. हात थरथरायला लागले होते ना. दर वर्षी अलीकडे आणायचा. म्हणायचा, काडतूस जाईल लांब, मी नाही जात.”

मला कधी बोलले नाहीत. मूस समोरून निघून जायचे आणि टोळीतले चिडवायचे, “काय तुर्गेर, डुलकी लागली होती का?” ते हसून कॉफी ओतायचे. मग थंडीत तिथे बसायचे तरी कशाला? हाल्वार्द म्हणाला, जागा रिकामी राहिली की ती दुसऱ्याला जाते. त्यांना ती जाऊ द्यायची नव्हती. मला तिथेच रडू आलं.

मग मी बर्चपर्यंत चालत गेले. तांबडी फीत आहे तिथेच आहे, इंचभरही हललेली नाही. पण ती कोरी आहे, गेल्या शरदातली. थरथरत्या हाताने मारलेल्या तीन-चार वेड्यावाकड्या गाठी आहेत. त्यांचा स्वतःचा तेवढ्या लांबचा नेम उरला नव्हता, आयविंद. ती फीत तुझी आहे. तिथे कोण बसणार, हे हाल्वार्दला रविवारपर्यंत कळायला हवंय. मी अजून काही सांगितलेलं नाही. गोळी झाडू नकोस हवं तर, पण येऊन बस.

वाट बघणारी,
तुझीच आई