खंडोजीविषयीचा अभिप्राय

१४ जून १९५९, रविवार

जिंकलो. बेचाळीस-अडतीस. खंडोजीचे गुण – दोन!

स्कोअरबुकात एवढंच राहणार. एकवीस बास्केट झाल्या, त्यातल्या तेरा त्याच्या पासवर झाल्या, हे कुठे लिहायचं? त्याला रकाना नाही. बास्केट कुणी टाकली ते लिहितात, फाउल कुणी केला ते लिहितात. चेंडू कुणी हातात आणून दिला ते कोण लिहितो? मी लिहितो, माझ्या निळ्या वहीत. गेल्या सप्टेंबरात त्याला कारखान्यात घेतल्यापासूनची प्रत्येक मॅच तीत आहे.

घरी येऊन बेरीज करत बसलो तर सुलभा म्हणाली, "माझ्या हातून वर्षभरात किती पोळ्या झाल्या तेही मांडा एकदा." मी हसलो, पण बेरीज पुरी केली.

१९ जून, शुक्रवार

पंपवाल्यांचं, म्हणजे पंप कारखान्याच्या क्लबाचं, पत्र आलं. त्यांचा पद्माकर आम्हाला देतात, बदल्यात खंडोजी मागतात. पद्माकर सहा फूट दोन इंच! खाली सही शिवाप्पाची, त्यांच्या क्लबाच्या सेक्रेटरीची. हा शिवाप्पा महा धूर्त माणूस. आमच्या मॅचेसना येऊन कोपऱ्यात शेंगा खात बसायचा, तो शेंगांसाठी नव्हे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. सगळ्या बंगळुरात खंडोजी कळलेली माणसं दोनच, एक मी आणि एक हा.

खंडोजीला मी शोधला. मल्लेश्वरमच्या मैदानावर अनवाणी खेळत होता. इथल्या जुन्या मराठी घरातला, बाप नाही, आई शिवणकाम करते. जयसिंगराव साहेबांकडे चार वेळा खेटे घातले तेव्हा फिटर म्हणून लागला. तोही वर्षाच्या बोलीवर – वर्षाने काम आणि खेळ बघून कायम करायचं.

२१ जून, रविवार

कँटीनमध्ये क्लबाची बैठक. दोन तास. कॉफी तीनदा.

नंदकिशोर आमचा कॅप्टन, त्याला पद्माकर हवा. "उंच माणूस नुसता हात वर करून उभा राहिला तरी समोरच्याला रिंग दिसत नाही. खंडोजी काय करतो? दोन गुण, चार फाउल, आणि पंचाशी वाद."

सगळं खरं आहे. डाव्या हाताने चेंडू नेता येत नाही त्याला. रिंग समोर मोकळी असली तरी टाकायला कचरतो. मी म्हटलं, "अरे, तुझ्या मागच्या मॅचच्या सोळा गुणांपैकी दहा तरी त्याने तुझ्या हातात ठेवलेले. तू कुठे पोचणार ते तुझ्या आधी त्याला कळतं." नंदकिशोरला राग आला. येणारच. मलाही बोलताना जरा मजा आली हे कबूल करतो.

जयसिंगराव साहेब अध्यक्ष. लेबर ऑफिसरही तेच. ते खंडोजीच्याच समाजातले, तीनशे वर्षांपासून इथले, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल तोंडातून शब्द काढत नाहीत. आपल्यातल्याची बाजू घेतली असं कुणी म्हणेल याची त्यांना फार धास्ती. शेवटी म्हणाले, "उमाकांत, तुम्ही सेक्रेटरी. लेखी अभिप्राय द्या. जरा सविस्तर लिहा. एक प्रत पंपवाल्यांनाही जाईल. मग बघू."

२३ जून, मंगळवार

तीन कागद फाडले.

खरं लिहिलं तर काय होईल? 'सर्वांत उपयोगी खेळाडू' असं माझ्या सहीने वाचलं की पंपवाले हट्टाला पेटणार. पद्माकर देतील, वर आणखी एक देतील, खंडोजीला पहिल्या दिवसापासून कायम करतील. मग तो कशाला थांबेल? गरीब घर आहे, मी त्याला दोष कुठल्या तोंडाने देऊ?

आणि वाईट लिहिलं तर तेच मागे हटतील.

चौथा कागद असा – 'सरासरी दोन गुण. डावा हात निकामी. फाउल फार. उत्तरार्धात दम टिकत नाही. वर्षभरात लक्षणीय प्रगती नाही.' पहिली तीन वाक्यं स्कोअरबुकावरून किंवा मैदानावर कुणीही पडताळून पाहावीत. पुढची दोन साफ खोटी. त्याच्याइतका दम आमच्या अख्ख्या टीममध्ये कुणाला नाही.

सही करताना थोडा थांबलो. पण केली. त्याला थोडंच कळणार आहे? आणि शेवटी त्याच्या भल्याचंच आहे. असं मी स्वतःला सांगितलं. भलं कुणाचं ते आत्ता रात्री लिहिताना इतकं स्पष्ट दिसत नाही.

१ जुलै, बुधवार

पंपवाल्यांची माघार! 'अभिप्राय पाहता प्रस्तावाचा विचार सोडून देत आहोत.' युक्ती फळली. सुलभाला श्रीखंड करायला सांगितलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

१२ जुलै, रविवार

आज खंडोजीने पाठमोरा असताना पास दिला. नंदकिशोरला चेंडू आला तेव्हा तोच दचकला, पण टाकला, आणि पडला. मॅच संपल्यावर नंदकिशोर मला येऊन म्हणाला, "बरं झालं, गेला नाही तो." मला इतका आनंद झाला की त्याला मिठी मारायची बाकी ठेवली.

आज सतरा पास. वहीतला आकडा दोनशे बारावर गेला.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

जयसिंगराव साहेबांनी बोलावलं. समोर खंडोजीची फाइल. वरून आदेश आलाय – खेळावर घेतलेल्यांपैकी ज्यांनी वर्षात प्रगती दाखवली नाही त्यांना कायम करू नये. फाइलीत सर्वांत वर माझा कागद. 'वर्षभरात लक्षणीय प्रगती नाही.' खाली माझी सही, माझ्याच वळणदार अक्षरात.

हा कागद फाइलीत लागेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ड्रॉइंग ऑफिसात बारा वर्षं कागदांतच काढली मी! कागद कुठे जातो हे मला कळू नये?

सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो."

"मग आता बोलताय ते खरं कशावरून?"

ते हळू म्हणाले, "तो माझ्यातला, तुम्हीही मराठी. त्याच्याविरुद्धचा कागद काढून मी त्याच्या बाजूचा लावला तर वर काय म्हणतील? नव्याने लिहून द्या, मी पाठवतो. पण जुना काढणार नाही."

३० ऑगस्ट, रविवार

दिवसभर लिहिलं. निळ्या वहीतली प्रत्येक मॅच, प्रत्येक पास, तारखेसकट. अकरा पानं, सोबत वहीही जोडली. इतकं मन लावून मी आयुष्यात काही लिहिलं नसेल.

४ सप्टेंबर, शुक्रवार

वरून उत्तर आलं. 'सोबतच्या वहीवर पंचाची सही नाही. ग्राह्य धरता येत नाही.'

१५ सप्टेंबर, मंगळवार

खंडोजी गेला.

ऑफिसात आला, क्लबाची जर्सी धुऊन, इस्त्री करून आणलेली. टेबलावर ठेवली. त्याला वाटतंय वरच्यांनी केलं हे सगळं. "अण्णा, साहेबांनी सांगितलं, तुमी अकरा पानं लिवलीत माज्यासाटी. कोन करतंय एवढं?" मी जर्सीची घडी पुन्हा घालत बसलो. तो इथल्या कानडी वळणाने म्हणाला, "सरी, येतो." पायांना हात लावायला वाकला, मी मागे सरलो. त्याला ते विचित्र वाटलं असणार.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. भेकड आहे मी.

२० सप्टेंबर, रविवार

शिवाप्पाकडे गेलो. बायकोही सोबत आली, मी काही नीट बोलणार नाही अशी तिला खात्री होती. मी अगदी पाया पडायचं बाकी ठेवलं – खंडोजीला घ्या, बदल्यात काही नको. शिवाप्पा आदराने वागला, उपमा दिला. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे तो कसा खेळतो. पण आमच्या मॅनेजरांच्या फाइलीत तुमचा कागद आहे, सर. त्याच्या स्वतःच्या क्लबाने असं लिहिलंय म्हटल्यावर ते ऐकत नाहीत."

सुलभाला आज पहिल्यांदाच सगळं कळलं. घराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "त्याच्या घरी जा. मी येणार नाही."

२२ सप्टेंबर, मंगळवार

जाऊन सांगितलं. त्याची आई गोजराबाई मशीनवर बसली होती, तिच्यादेखत. पंपवाल्यांनी तुला नेऊ नये म्हणून मी खोटं लिहिलं, म्हटलं.

गोजराबाईंनी मशीन थांबवलं. मग खंडोजी म्हणाला, "अण्णा, शिवाप्पा मे महिन्यातच आलता हितं. कायम करतो म्हनला. मी नको म्हनून सांगितलं त्याला, तुमी मला आनलंत म्हनून. म्हनूनच तर त्यानं मग क्लबाला लिवलं."

आणि मग, रागावून नव्हे, खरंच कळेना म्हणून – "तुमी मला इचारलं का नाई?"