कोनाड्यातली काड्यापेटी

पुसद, बुधवार, नोव्हेंबर २००६

बंद पडलेल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या जागी बारा मजली इमारत यायची आहे. पर्यावरणावर काय परिणाम होईल, तो अहवाल माझ्याकडे. आज झाडं मोजली, विहिरीचं पाणी मोजलं. डोक्यात राहिली ती मात्र काड्यापेटी.

फाटकातच म्हाताऱ्या चौकीदारानं, रशीदचाचांनी, हात पुढं केला. "काड्यापेटी दे."

"चाचा, आता आत कापूस कुठं आहे?"

"तुहा बाप इथं फिटर होता. तो रोज कोनाड्यात ठेवूनच आत जाये. तुले काहून जड जाते?"

दिली. कोनाडा तोच. अब्बा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू असायचे, अम्मी फुंकर मारून उडवायची. आमच्या अहवालात त्याला धूळ म्हणतात.

‘जागेचा सध्याचा वापर’ या रकान्यात मी जागा न बघताच, सकाळी ऑफिसात ‘काही नाही’ लिहून टाकलं होतं. आत्ता खोडलं. तिथं एक माणूस अजून आग लागू देत नाही, हे कोणत्या रकान्यात लिहू?

काड्यापेटी कोनाड्यातच विसरलो. राहू दे.