काळ्या शालीची खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार
वकीलबाई म्हणाल्या, सगळं तारखेनिशी लिहून ठेवा, कामी येतं. लिहिते. चौथीपर्यंतची अक्षरं, कोंबडीचे पाय!

तर, जावयाला माझी नात स्वानंदी पाहिजे. पूर्णिमा, माझी पोरगी, जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हा हा जावई, अपूर्व, लेकीला माझ्यापाशी टाकून बँकेच्या बदलीवर गेला. आता बाप असल्याचं आठवलं. मीही अर्ज लावला. नात इथे रांझीतच, माझ्या घरी राहील.

गीतांजली वकीलबाई सरकारकडून फुकट मिळाल्या. चपला घासलेल्या, पण जीभ धारेची. मला आवडल्या. २४ तारखेला जज मॅडम पोरीला एकटीला आत बोलावतील, म्हणाल्या. "काही शिकवू नका आजी. शिकवलेलं पोर लगेच कळतं."

अच्छा! न शिकवता कुत्रं पण पंजा देत नाही.

५ फेब्रुवारी
शिकवणी सुरू. आमच्या ह्यांची लाकडी खुर्ची ओढली, काळी शाल पांघरली, झाली मी जज. "बेटा, किसके पास रहोगी?" "आजी के पास." चार वेळा घोकून घेतलं. बक्षीस, खोबऱ्याची वडी. सहा वर्षांची आहे, मराठी समजते, बोलते हिंदीच.

९ फेब्रुवारी
आता वडी मागत नाही. मी विचारायच्या आधीच उत्तर देते.

१२ फेब्रुवारी
दूध उतू जाऊन राहिलं होतं म्हणून मी शाल खुर्चीवर टाकून उठली. मागून आवाज, आजी के पास. म्हटलं, मी तर इथे आहे, कोणाला सांगून राहिलीस? तिनं खुर्चीकडे बोट केलं. मॅडम बैठी हैं न, म्हणे.

खुर्चीवर नुसती शाल. पण खांद्यांपाशी भरलेली. झटकली, घडी केली, कपाटावर ठेवली.

१३ फेब्रुवारी
सकाळी शाल खुर्चीवर. पोरीचा हात कपाटावर पोचत नाही. स्टूल जागचं हललेलं नाही.

१७ फेब्रुवारी
खुर्ची गच्चीवर टाकली, शालीसकट. भर दुपारी स्वानंदी तिच्यासमोर उन्हात उभी. हात मागे बांधून, मी शिकवलं तसं. म्हटलं, काहून उभी आहेस? म्हणाली, मॅडम नया सवाल पूछ रही हैं.

मी हसली. काय विचारतात तुझ्या मॅडम?

"मम्मी का फोन कहाँ था."

"मग? काय सांगितलंस?"

"चावल में."

पूर्णिमा तापात होती त्या दिवशी ही शेजारी शकूकडे खेळायला गेली होती. तीन वर्षांची होती. घरात मी अन् पूर्णिमा. तिसरं कोणी नव्हतं.

१८ फेब्रुवारी
तांदळाचा डबा परातीत उपडा केला. तांदूळच निघाले.

२१ फेब्रुवारी
वकीलबाईंनी अर्ज वाचून दाखवला. आजारात पूर्णिमानं नवऱ्याला वारंवार फोन केले, तो आला नाही. मीच सांगितलेलं. "बरोबर ना, आजी?"

मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

२४ फेब्रुवारी
कोर्ट. अपूर्व व्हरांड्यात उभा होता, वाळलेला, इस्त्री नसलेल्या शर्टात. पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

पोर आत गेली, दहा मिनिटांत बाहेर. वकीलबाई खूश. एकदम साफ बोलली म्हणे, कुठे अडखळली नाही, बहुतेक आपल्याकडेच राहील. पुढची तारीख ७ मार्च.

ऑटोत पोरीला विचारलं, कशा होत्या जज मॅडम?

"ये वाली अच्छी थीं," खिडकीबाहेर बघत म्हणाली. "इनको कुछ पता नहीं था."

२६ फेब्रुवारी
दुपारी पोर झोपली तेव्हा मी गच्चीवर गेली. खुर्ची मोडून जाळायची होती. कुऱ्हाड हातात.

कोणी नव्हतं. कोणी काही विचारलंही नाही. तरी कुऱ्हाड खाली ठेवली, अन् माझे हात आपोआप मागे गेले.

१९ ऑगस्ट २०२२, शुक्रवार
ही तारीख लिहायची राहिली होती. पूर्णिमा भांडून माहेरी आलेली, ताप फणफणलेला. अपूर्वला फोन लावते म्हणाली, तीनदा. तो आला तर दोघींना घेऊन जाईल, म्हणून मी तिचा फोन तांदळात पुरला. त्याला एकही फोन गेला नाही. संध्याकाळी तिला बोलता येईना. तेव्हा दवाखान्यात नेली. घरी परतली नाही.

वही उद्या वकीलबाईंच्या हातात देते. स्वानंदीची बॅग भरून ठेवली.