न जळलेली मशीन

बुधवार, संध्याकाळ

वांगी ओट्यावर तशीच पडली आहेत. हिला म्हटलं, आज करू नको. तिनं कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.

सोमवारी कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये सुनीता या नव्या विद्यार्थिनीच्या प्रोग्राममध्ये, तीच ओळ पुन्हापुन्हा चालवणाऱ्या फॉर लूपमध्ये, दर फेरीला आकडा एकानं वाढवणारं i++ लिहायचं राहिलं. आकडा वाढेना, त्यामुळे लूप थांबेना, पडद्यावर एकच ओळ सारखी धावत राहिली. पोरगी घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. नवीन असताना सगळेच ही चूक करतात, मीही केली होती. दोन बटणं दाबली की थांबतं. पण मी म्हणालो, "झालं, जाळली न तू मशीन." वर्ग हसला. मीही हसलो. काल ती आलीच नाही.

आज तिचे वडील आले, रोहिणखेडहून, पिशवीत शेतातली वांगी घेऊन. म्हणाले, "सर, पोरीच्या हातानं कॉम्प्युटर जळला म्हन्ते. तिले काहाडू नका. मेहनती हाये."

तेव्हाच सांगायचं होतं, की ती थट्टा होती. आणि मी काय म्हणालो? "पाहू. पाठवा तिले." असं का म्हणालो? स्वतःची लाज झाकायला, दुसरं काय. ते हात जोडून गेले, पिशवी मी ठेवून घेतली.

उद्या ती आली की सगळ्यांसमोर तोच लूप मी चालवीन आणि दोन बटणांनी थांबवून दाखवीन. तिची भीती जाईल. पण वडिलांचं काय? त्यांनी तर एव्हाना गावात सांगितलंही असेल, सर लय दिलदार आहेत म्हणून.