शंभर तबकड्यांची ओवाळणी

गुरुवार, २२ ऑक्टोबर १९९८ — भाऊबीज

तबकात फार तर साडी पडेल असं नीलमला वाटलं असणार. तिच्या भावाने खोकंच आणून ठेवलं! एवढं मोठं, की ओवाळताना निरांजन त्याला लागेल म्हणून लेकीने, पूर्वीने, ते मागे ओढलं.

सीडी चेंजर. शंभर सीड्या एकदम पोटात ठेवतो. प्रविण म्हणाला, "ताई, मस्कतहून येताना दुसरं काही घेतलंच नाही. भावोजींना गाण्याचं वेड. दर अर्ध्या तासाला उठून कॅसेट उलटत बसतात बिचारे."

नीलम रडली. मीही जरा — जाऊ दे.

गल्फच्या वस्तूला चौकोनी पिनांचा प्लग असतो. गेल्या खेपेला त्याने आणलेल्या मिक्सरने फार छळलं होतं. म्हणून कालच स्टेशनजवळच्या दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणून ठेवला होता. पण हा भिंतीत सरळ बसला. म्हटलं, चला, कंपन्यांना अक्कल आली. अ‍ॅडॉप्टर ड्रॉवरमध्ये गेला.

घरात सीड्या किती? तीन! त्याही प्रविणनेच आणलेल्या. शंभर खोल्यांची धर्मशाळा आणि वाटसरू तीन.

रविवार, २५ ऑक्टोबर

सकाळपासून त्याच्यासमोर बसलोय. नीलम म्हणते, नव्या नवरीकडेही एवढं बघितलं नव्हतंत.

समोरचं दार उघडलं की आत गोल चाक. ताटाळ्यात ताटल्या लावाव्यात तशा सीड्या उभ्या लावायच्या. एक संपली की आत सगळं फिरतं — घर्रर्र — थांबतं — टक्! मग पुढचं गाणं. हे मधलं घर्रर्र मला गाण्याइतकंच आवडायला लागलंय. काय येणार ते माहीत नसतं. तीनच सीड्या आहेत, तरी माहीत नसतं!

शेजारच्या वसुमतीकाकूंनी त्यांच्या जावयाच्या दोन सीड्या दिल्या. एक भजनांची, एक गरब्याची. आता पूर्वी रँडमचं बटण दाबते आणि नाट्यगीताच्या पाठोपाठ गरबा सुरू होतो. मी ओरडतो. ती पुन्हा दाबते. घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

डोकं फिरलं आज. कचेरीत विष्णू — आमचा क्लार्क, फाटक्या तोंडाचा — सगळ्यांसमोर म्हणाला, "सर्कलसाहेबांकडे शंभर सीडीचं मशीन आलंय म्हणे. कुठल्यातरी चिकूवाडीला बहर दिसतोय!"

मी म्हटलं, "मेव्हण्याने बहिणीला ओवाळणी घातली. तुझ्या पोटात का दुखतं?" फारच मोठ्याने म्हटलं.

इतकी वर्षं जमिनीच्या खात्यात आहे, आता सर्कल ऑफिसर. लोकांच्या चिकूच्या करंड्या दारातून परत पाठवल्या. नीलम वैतागायची, "अहो, फळंच आहेत ती!" फळंसुद्धा नकोत. आणि आज माझ्याच घरातली वस्तू समजावून सांगायची पाळी.

मोठ्या साहेबांच्या, तहसीलदारांच्या, कानावर गेलं असेल. त्यांना असलं खपत नाही. दिवाळीत टेबलावर आलेली मिठाई त्यांनी तिथल्या तिथे शिपायांना वाटून टाकली होती. त्या माणसासमोर माझी मान खाली जायला नको.

बुधवार, ४ नोव्हेंबर

तलासरीकडच्या पाड्यावर पाहणीला गेलो. बुधीची केस. एका बाजूला बुधी, दुसऱ्या बाजूला वाडीवाले शेठ. शेठचं म्हणणं, हे शेत कित्येक वर्षं आमच्या कब्जात आहे, इथे चिकू लावायचाय. बुधीचं म्हणणं, शेत माझं. प्रत्यक्षात कोण कसतं एवढंच मी बघून लिहायचं. निकाल मोठे साहेब देणार.

बघायला काय लागतं? भाताची कापणी चालू होती. बुधी, तिची सून, दोन नातेवाईक, सगळे वाकलेले. म्हातारी विळा हातात घेऊनच आली. सगळ्यांना अरेतुरे करते, साहेबालाही.

"मना कागुद नाय कलत. ह्यो बांध माझ्या सासऱ्यानं घातला. तू चाल ना त्याच्यावर, तुला कलंल."

चाललो. जुना, पायांनी दाबून दाबून दगडासारखा झालेला बांध. वाडीची खूण कुठेही नाही.

शेठ जीप घेऊन आले होते. गाडीपर्यंत सोडायला आले आणि अगदी सहज म्हणाले, "गाणी बराबर वाजते ना, साहेब?"

मी म्हटलं, हो, वाजतात. आणि गाडीत बसलो. आता लिहिताना वाटतंय, यांना कोणी सांगितलं? पण अख्ख्या डहाणूला माहीत आहे म्हणा. विष्णूसारखा बातमीदार असताना वेगळी दवंडी कशाला?

मंगळवार, १० नोव्हेंबर

संध्याकाळी वसुमतीकाकू आल्या. जावयाने मस्कतहून इस्त्री आणलीय, प्लग चौकोनी पिनांचा, भिंतीत जात नाही. "तुमच्याकडे ते मधलं असेल ना? तुमचं मशीनही तिकडचंच."

ड्रॉवर उघडला. अ‍ॅडॉप्टर तसाच, कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये. हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. काकू म्हणाल्या, "काय हो, नाही का सापडत?"

दिला.

बुधवार, ११ नोव्हेंबर

यंत्र पुढे ओढून प्लग काढून बघितला. गोल पिना. आपल्या इथल्या दुकानात मिळतात तशा. मस्कतची इस्त्री चौकोनी आणि मस्कतचा चेंजर गोल?

नीलमला विचारलं, "प्रविणची रजा कधी संपते?"

"वाढवून मिळाली म्हणाला."

"महिना होत आला, नीलम. मस्कतवाले सासरचे आहेत का त्याचे, एवढी रजा द्यायला?"

बस्स. भडका. "माझा भाऊ काही देतो ते तुम्हाला बघवत नाही. माहेरचं एक सुख या घरात सरळ भोगू दिलंत तर शपथ!" मी प्लगचं सांगितलं. ती म्हणाली, "प्लगवरून माणसं ओळखायला लागलात आता!" पूर्वी आतल्या खोलीत जाऊन बसली.

खरं सांगायचं तर मलाही माझीच चूक निघायला हवी आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

बोर्डीला गेलो, नीलमच्या माहेरी. सासूबाईंनी चहा केला. प्रविणला म्हटलं, चल, समुद्रावर जाऊन येऊ.

सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेलो. मग एवढंच विचारलं, "कुठून आणलंस?"

तो खाली बसला. वाळूतच. बत्तीस वर्षांचा माणूस, हुंदके द्यायला लागला. मस्कतची नोकरी श्रावणातच गेली. आईला माहीत नाही, ताईलाही नाही. "भावोजी, तिकडून आलेला माणूस दारात उभा राहिला की आधी बॅगकडे बघतात हो सगळे. बॅगेत माझे जुने कपडे होते."

शेठने वाडीत सुपरवायझर म्हणून घेतलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी म्हणाले, बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. खोकं मुंबईहून आणवलं होतं. वर बजावलं, भावोजींना सांगायची काही गरज नाही. "मला वाटलं, शेठ मोठ्या मनाचा माणूस आहे."

"तुला माहीत होतं ना, त्याची केस माझ्याकडे आहे?"

नाही म्हणाला. माझा विश्वास बसला. तेच जास्त वाईट. लबाड असता तर दोन थोबाडीत देऊन मोकळा झालो असतो.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

यंत्र लावलं नाही. पूर्वीला सांगितलं, व्होल्टेज कमी आहे.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

शेठचा माणूस कचेरीच्या दारात भेटला. "शेठ विचारतात, अहवाल कधी जाणार? आणि सीड्या कमी पडत असतील तर पाठवू म्हणाले."

खरं लिहिलं तर शेठ बोभाटा करणार की सर्कलने मशीन घेतलं आणि काम केलं नाही. खोटं लिहिलं तर बुधीचं शेत गेलं. ती म्हातारी पुढच्या वर्षी विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभी राहणार, आणि मी इथे बसून भैरवी ऐकणार! गुपचूप परत पाठवलं तर म्हणेल, सर्कलला याहून मोठं हवं होतं. तिन्ही बाजूंनी माझ्याच तोंडाला काळं.

घरी आल्यावर नीलमला सगळं सांगितलं. बोर्डीचंही. वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. भाजी चिरत होती, चिरत राहिली.

शनिवार, २१ नोव्हेंबर

दोन दिवस नीलम माझ्याशी बोलली नाही. आज रजा टाकली. बाजारातून आलो तर हॉलमध्ये यंत्राचं दार उघडं आणि ही खाली बसून एकेक सीडी बाहेर काढतेय. काकूंच्या दोन वेगळ्या ठेवल्या. प्रविणच्या तीन खोक्यात.

मी म्हटलं, "अगं, प्रविणची नोकरी जाईल. आईंना कळेल."

"कळू दे. ओवाळणी भावाने घालायची असते. शेठने नाही." मग, माझ्याकडे न बघता, "मी त्याला पाच वेळा ओवाळलं हो. मनापासून."

तिच्याशेजारी बसलो. दोघांनी मिळून थर्माकोल लावला. यंत्र आत जाताना मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो. लाज वाटते, पण वाटलं. त्या घर्रर्रची सवय झाली होती.

ठरलं ते असं. शेठकडे नाही न्यायचं. सरळ मोठ्या साहेबांसमोर ठेवायचं, झालेलं सगळं लेखी देऊन. त्यांच्यासारखा माणूस वर असताना मी घाबरतो कशाला?

सोमवार, २३ नोव्हेंबर

अहवाल लिहिला. शेत बुधी कसते, बांध जुना, वाडीची खूण नाही. चार ओळींत झालं. इतके दिवस जड होत्या त्या ह्याच चार ओळी!

नीलमने आज गोडाचा शिरा केला. पूर्वी म्हणाली, "बाबा, आपली कॅसेट लावू?" लावली. अर्ध्या तासाने उठून उलटली. बरं वाटलं. प्रविणला उद्या स्वतः जाऊन सांगेन. कोसबाडला कोणाची ओळख निघते का बघतो, शेतीशाळेत माणसं लागतात.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

कचेरीत चारचौघांसमोर नको म्हणून सकाळीच साहेबांच्या घरी गेलो. खोकं रिक्षात, अहवाल आणि जबाब पिशवीत. रिक्षावाल्याने खोकं व्हरांड्यात आणून ठेवलं. आत गाणं चालू होतं. ते संपलं आणि — घर्रर्र. थांबलं. टक्.

मी तिथेच उभा. साहेब टॉवेलने हात पुसत बाहेर आले, खोक्याकडे बघितलं आणि हसले.

"काय हो, एवढ्यात बिघडलं? आमचं तर झकास चाललंय. पण आमचं दोनशेचं आहे."