ढग धुणाऱ्या बाईला मतं

५ जून

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते, नाहीतर कामापुरती आत्या म्हणून टोमणा मारशील.

आमच्या मासिकाने सर्वश्रेष्ठ अद्भुतकथांसाठी वाचकांची मतं मागवली आहेत. कूपनांनी माझं टेबल गाडून टाकलंय. राक्षस नि उडती शहरं मागे टाकून एक कथा वर चढते आहे: ढग धुऊन दोरीवर वाळत घालणारी बाई, आणि दोरीवरून नाहीसा झालेला एक ढग. लेखकाचं नाव कुणीच लिहीत नाही. मी ग्रंथालयं पालथी घातली, जुने अंक चाळून शिंकून बेजार झाले. परवा एका सुताराने लिहिलं की ही त्याला लहानपणी मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितली. औषध पाजताना आधी स्वतःच तोंड वाकडं करायच्या. आत्या, असं तोंड जगात एकच! काखेत कळसा नि गावाला वळसा.

शेवट मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा ढग चोराने नेला, कुणाचा समुद्रात पडला. संपादक म्हणतात, पूर्ण कथा लिहून आली तरच मतं धरू, नाहीतर रद्द. खरा शेवट काय गं? मला चैन पडत नाहीये.

लोभ आहेच, उत्तराची भर घाल.
तुझी भोचक


१२ जून

चि. भोचकभवानीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, मी नाही. मी कसली डोंबलाची लेखिका! रोज ऐन रंगात गोष्ट थांबवायचे, म्हणजे पोरं उद्याच्या आशेने मुकाट गोळ्या घ्यायची. शेवटाआधीच बरी होऊन घरी जायची. मग आपापले शेवट लावले असतील.

खरा शेवट एकदाच सांगितला. खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशनसाठी तिला मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं. मी उद्या सांगते म्हटलं, तर म्हणाली, उद्या मी इथे नसेन, आत्ताच सांगा. सांगितला. पुढे तिचं काय झालं, कळलं नाही. एकदा चौकशी केली, उत्तर आलं नाही. मग परत विचारायचा धीरच झाला नाही. तो शेवट तिला दिलेला आहे, छापायला देणार नाही. मतं रद्द झाली तर होऊ देत.

फक्त तुला सांगते: ढग बाईच्याच उशीत लपला होता. त्याला पाण्याची भीती वाटत होती. बाई रागावली नाही, त्याच्यावर डोकं टेकून झोपली. असं कुणी लिहिलंय का, बघशील? नसलं तरी कळव.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या


२० जून

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

संपादकांनी मतं रद्द केली. मी भांडले नाही, यावर विश्वास ठेव.

कूपनं मात्र एकूण एक वाचली. बस चालवणाऱ्या एका बाईंनी लिहिलंय की ढग उशीत होता. खाली बारीक अक्षरात म्हटलंय की सिस्टर कुठे भेटल्या तर कळवा, त्यांना टाके दाखवायचे राहिलेत.

रविवारी त्यांना घेऊन येते. रडायचं असेल तर आधी रडून घे, आम्हाला चहा लागेल.

लोभ आता दोघींवर वाटून असू दे.
तुझी भोचक