काशीत सोडलेला बांगडा

९ सप्टेंबर १९५७, सोमवार. दुपारी अडीच.

हो हो, लिहिणारच आहे. बसलेच आहे की! ही काय वही, ही काय पेन्सिल. गिरगावात कोठारे एडिटरांना सकाळी हेच सांगून आले आणि आता स्वतःला सांगतेय.

काल गणपती गेले. चाळ झोपलीय. माझ्या खानावळीतले बारा जण जेवून कुणी गिरणीच्या पाळीला, कुणी पथारीला. आजपासून नेम. रोज दुपारी अडीच ते साडेचार लिहायचं. तोवर चुलीकडे बघायचंसुद्धा नाही.

झालं असं की, मे महिन्यात 'आंगणवेल' मासिकात माझं छापून आलं. मालवण ते मुंबई बोटीचा प्रवास, त्यात एका बाईला उलटी झाली आणि शेजारच्या मास्तरांनी छत्री उघडून कशी पुढं केली ते. अकरा वाचकांची पत्रं आली म्हणे. आता दिवाळी अंकाला कोठाऱ्यांना माझी काशीयात्रा पाहिजे. आठ पानं, तीस तारखेच्या आत. आवडली तर दर महिन्याला सदर, फोटोसकट. शेवंतीबाईंचा प्रवास! नुसतं खानावळवाली नाही, लेखिका. कोठारे म्हणाले, बाई, हात मोकळा व्हायला रोजनिशी लिहा, कुणाला दाखवायची नाही.

काशीला जाऊन आले त्याला तीन वर्षं झाली. चाळीत अजून कुणी गेलेलं नाही. सगळं डोळ्यांपुढं आहे. आठ पानं म्हणजे काय, चार दिवसांचं काम.

१० सप्टेंबर. तीन वाजता.

पहिलं वाक्य झालं. 'काशी फार मोठी आहे.'

चांगलं आहे. आता याच्यापुढं घाईत काहीतरी लिहून बिघडवायला नको. उरलेलं उद्या.

११ सप्टेंबर, बुधवार.

लेखकानं चार भिंतींत बसून चालत नाही. पाणी बघितल्याशिवाय गंगा कशी सुचणार? ट्राममध्ये बसले, कुलाब्याला उतरले, चालत मच्छीमारांच्या वस्तीत गेले. तिथं सुभद्रा असते. माझ्या गावची, माझ्याच शाळेतली. आम्ही दोघी मराठी चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलो, ती पुसायची आणि मी लिहायची. आता मासे सुकवते आणि माझ्याहून जाडी झालीय.

तिच्या तव्यावर बांगडे होते.

आता हे इथं लिहून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची, मग जन्मभर तोंडात घालायची नाही. बायका कारलं सोडतात, दोडका सोडतात. मी बांगडा सोडला. अख्ख्या लालबागला माहीत आहे. रोज खानावळीत वीस-वीस बांगडे माझ्या हातानं तळते आणि चपातीबरोबर वास खाते.

पण सुभद्रेकडं एक खाल्ला. तो खाल्ला असा धरायचा नाही. वाचकाला त्याग समजायचा तर आधी चव समजायला पाहिजे, आणि तीन वर्षांत मी चव विसरले होते. शिवाय नेम गंगेच्या पाण्यातला. इथं खारं पाणी. हद्द वेगळी पडते.

दुसरा सुभद्रेनं बळंच वाढला.

१२ सप्टेंबर.

गंगूबाई शेजारीण. चाळीतल्या प्रत्येकाचं पापपुण्य तिला पाठ. सकाळी नळावर माझा हात धरून नाकाशी नेला. म्हणाली, गो शेवंते, काल खय गेल्लंस? वास येता. मी म्हटलं, ट्राममध्ये माझ्या मांडीला मांडी लावून एक मासेवाली बसली होती. तर म्हणते, ती काय तुझ्या बोटांवर बसली होती?

अशा वातावरणात कोण लिहिणार!

१५ सप्टेंबर, रविवार.

आज बसणारच होते. पण मैदानात समितीची सभा. कर्णा थेट माझ्या खिडकीकडं तोंड करून. मी 'गंगेचे पवित्र' एवढं लिहिलं आणि तिकडून आरोळी आली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मीपण ओरडले. मग लिहायचं राहिलं.

गुणाजी सभेहून जेवायला आला. हा माझा सगळ्यांत जुना जेवणारा, गिरणीत साच्यावर काम करतो, वाचतो फार, जेवतो त्याहून फार. मी म्हटलं, मुंबई मिळाली का रे? तो म्हणाला, मिळणार, काकी. मी म्हटलं, मिळाली की ये, तोवर भात नाही. तर म्हणतो, तुमची काशी आणि आमची मुंबई, बघू कोण आधी पुरी होते.

त्याला माशाची एकच तुकडी वाढली.

१८ सप्टेंबर, बुधवार.

कुलाबा. अभ्यासासाठी. तीन.

२२ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी.

गंगूबाईनं व्हरांड्यात बायका जमवल्या. म्हणाली, पुस्तकात छापून येण्याआधी आमका सांग, पुस्तक आमका वाचता येत नाय. बरं वाटलं. सांगायला लागले की मला कुणी थांबवू शकत नाही. म्हटलं, घाटाला एकशे आठ पायऱ्या, एकेक उतरताना एकेक पाप गळतं.

गुणाजी आतून जेवता जेवता बोलला, काकी, गेल्या वर्षी सांगितलंत तेव्हा साठ होत्या.

मी म्हटलं, अरे पुरात पाणी चढतं, पायऱ्या बुडतात. उरतात तेवढ्याच मोजायच्या.

बायका माझ्याकडं बघत राहिल्या. गंगूबाईनं पदराला डोळे पुसले. म्हणाली, माझ्या नशिबात नाय गो, तुझ्या तोंडान बघतंय. एरवी मी तिची चेष्टा करते. आज उठून आमटी ढवळली. ढवळायची काही गरज नव्हती.

असो. तोंडानं इतकं येतं म्हणजे हातानंही येईल. उद्यापासून नक्की.

२५ सप्टेंबर, बुधवार.

नवरात्र बसलं. कुलाबा बंद. चार तास वही घेऊन बसले. कॅलेंडरवर काशीचं चित्र आहे, ते उतरवून पुढं ठेवलं. त्यात एक देऊळ, एक नाव, एक साधू. देवळाचं एक वाक्य, नावेचं एक, साधूचं एक. आधीचं एक आणि गंगेचं अर्धं पुरं केलं ते धरून पाच.

कॅलेंडर काढणाऱ्यांनी जरा जास्त काढायला काय झालं होतं?

२९ सप्टेंबर, रविवार. दुपारी चार.

झाली! आठ नाही, नऊ पानं!

काशीची पाच वाक्यं पहिल्या पानावर. मग मी गंगेत उभी राहून बांगडा सोडते. तिथून हात जो सुटला तो थांबेना. काय सोडलं ते वाचकाला कळायला नको? मग आईच्या हातचं तिरफळ घातलेलं कालवण आलं. सोलं किती, मिठाचं पाणी किती, तवा कधी उतरवायचा. कल्ल्याजवळचा तुकडा आधी का खायचा. सुभद्रेच्या तव्यावर परवा-परवा शेपूट कशी कुरकुरीत झाली होती, तेही लिहिलं. लिहिताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. याला म्हणतात आतून येणं.

वाचून बघितलं नाही. मोठे लेखक मागं वळून बघत नसणार.

३० सप्टेंबर, सोमवार.

गिरगावात जाऊन दिली. कोठारे जागेवर नव्हते, टेबलावर वजनाखाली ठेवून आले.

आजपासून कुलाबा कायमचा बंद. लेख झाला, अभ्यास संपला. आता खाल्ला तर ते निव्वळ खाणं होईल.

९ ऑक्टोबर, बुधवार.

दसरा झाला. कुलाबा. सुभद्रेला 'यापुढं येणार नाही' हे सांगायला जायलाच पाहिजे होतं. चार.

१२ ऑक्टोबर.

कोठाऱ्यांचं कार्ड आलं! 'मजकूर घेतला आहे. वाचताना आमच्या मातोश्री तर जेवणाची वाट पाहू लागल्या. अंक सतरा तारखेस.'

मातोश्री काशीला जाऊन आलेल्या आहेत म्हणे. म्हणजे पटलं! नाक्यावरच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, बाई, हसू नका. मी म्हटलं, लेखिका आहे, हसू दाबून ठेवलंय तेच हे. फोटो दुपारीच गिरगावला पोचवला. गुणाजीला सांगून ठेवलं, सतरा तारखेपासून काकी नाही म्हणायचं, लेखिकाबाई म्हणायचं. तो म्हणाला, मग चपाती कुणाकडं मागायची?

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

अंक आला. मी चुलीशी होते, गुणाजीनंच नाक्यावरून आणला आणि व्हरांड्यात उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला. मी हात पुसत बाहेर आले. सगळी चाळ जमलेली.

पान एकशे त्रेचाळीस. 'खमंग कोपरा'. बांगड्याचं तिरफळ, पाठवणार शेवंतीबाई, लालबाग. अर्धं पान. बाकी सगळं कापलं. काशीची पाचही वाक्यं गेली. गंगा गेली. मी पाण्यात उभी होते तीही गेले. फोटोच्या जागी बांगड्याचं चित्र. नाकीडोळी बरा आहे.

ते सहन केलं असतं. पण शेवटी कोठाऱ्यांनी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलंय. 'लेखिका अजूनही अधूनमधून कुलाब्यास बालमैत्रिणीकडे जाऊन या पक्वान्नाचा आस्वाद घेतात, असे त्यांच्या लेखावरून दिसते.'

गुणाजीला वाचून झाल्यावर कळलं आपण काय वाचलं ते. बिचारा अंक मिटायला लागला, तर त्याच्यानं मिटवेना.

गंगूबाई उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी.

रात्री बारा जण जेवले. एकानंही चेष्टा केली नाही. गुणाजीनं स्वतःचं ताट स्वतः घासलं. इतका अपमान माझा आजवर झाला नव्हता.

त्याच दिवशी, दुपारी अडीच.

गंगूबाई आली. मला वाटलं, शिव्या देईल. उत्तरं तयार ठेवली होती. खाऱ्या पाण्याचं ठेवलं होतं, हद्दीचं ठेवलं होतं.

ती खाली बसली. म्हणाली, मी पण सोडलंय.

मी म्हटलं, काय?

बांगडो. तीन वर्सां झाली. तू काशीसून इलंस आणि सांगलंस, तेव्हाच. माका कोण काशीक नेतला? म्हटलंय, शेवंतेच्या मागसून आपणय सोडूया, जरा पुण्य आपल्याक लागात. कोणाक सांगूक नाय.

म्हणजे तीन वर्षं मी बांगडा दिला की पित्त झालंय म्हणायची ते. आणि मी हसायचे, म्हणायचे, तुझं पित्त बरं वास ओळखतं.

तीच बोलत राहिली. रागावली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, मोडलेलो नेम परत काशीकच जाऊन घेवचो लागता. भावाक बोलावून घेतलंय, तो गाडीत बसवून देतलो. दिवाळी झाली की तू आणि मी. तुका वाट म्हायत आसा, घाट म्हायत आसा. माका तुझ्या त्या एकशे आठ पायऱ्या उतरव, बस. हात धर आणि उतरव.

आणि गेली. आता पलीकडून ट्रंक ओढल्याचा आवाज येतोय. दिवाळीला अजून चार दिवस आहेत आणि ही आत्ताच भरतेय.

पंधरा मिनिटं झाली, पेन्सिल हातात आहे. लिहिते.

मी काशीला गेलेच नव्हते. कल्याणला उतरले. तिथं चुलत बहिणीकडं पंधरा दिवस राहिले. देवळातसुद्धा गेले नाही. सतरा वर्षं दोन्ही पाळ्यांचं जेवण रांधत होते, मला नुसतं झोपायचं होतं. आणि विधवा बाईला देवाचं नाव घेतल्याशिवाय चुलीपासून कोण सोडतं? येताना सगळं पाठ करून आले होते, फक्त काय सोडलं ते ठरवायचं विसरले. गंगूबाईनं जिन्यातच विचारलं, तेव्हा कुणाच्या तरी घरी बांगडा तळत होता.